तू पेटीत होतास, मगन

मगन, तुझा एकही फोटो निघाला नाही.

तू गेलास त्याच्या तिसऱ्या दिवशी तुझ्या थोरल्या भावानं घरातल्या सगळ्या ट्रंका उपसल्या. सातवीचा दाखला निघाला, लग्नातला फेटा निघाला, सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली फुटकी बासरी निघाली. फोटो नाही. सुतक फिटतं त्या गंधमुक्तीच्या दिवशी पाटावर काय ठेवायचं, हार कशाला घालायचा, म्हणून मग सगळे माझ्याकडे आले. "दसरथभाऊ, तुम्ही दोन्ही दिल्लीले गयथात. तठे फोटू काढा व्हता ना?"

काढला होता. तो पंचायतीच्या भिंतीवर अजून आहे. मध्ये तेलाचं इंजिन, त्याला झेंडूची माळ, बाजूला शेतकी खात्याचे साहेब आणि दोन्हीकडे आपल्या तालुक्यातले शेतकरी, सगळ्यांच्या टोप्या सरळ. अकरा वर्षं तो फोटो तिथं टांगलेला आहे आणि त्याच्याखाली बसून मी रोज संध्याकाळी रेडिओ लावतो. गावातून आणि आजूबाजूच्या गावांतून मिळून वीस जण शेतकी खात्यातर्फे दिल्लीचं प्रदर्शन पाहायला गेले होते हे सगळ्यांना पाठ आहे. फोटोत साहेब सोडून अठरा आहेत. कुणी कधी मोजले नाहीत. तू त्यात नाहीस. मीही नाही.

तेव्हा आपण दोघं कुठं होतो हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यातला एक कावीळ होऊन पंधरा दिवसांत गेला. उरलेला हा असा आहे, ज्याच्या शब्दावर कुणी शेळीसुद्धा बांधू नये.

तुला आठवतं का, दोंडाईच्याला गाडीत बसल्यापासून तू खिडकी सोडली नव्हतीस? भुसावळला गाडी बदलली तेव्हा साहेब ओरडले, तरी तू फलाटावर उतरून इंजिनापाशी गेलास. आईनं बांधून दिलेल्या माझ्या दशम्या तू दुसऱ्याच दिवशी संपवल्यास आणि वर म्हणालास, "तुन्ही मायना हात गोड शे, मन्हा काय दोष?" तुझं लग्न होऊन आठ महिने झाले होते. माझं व्हायचं होतं. आमच्या आबांनी मला निघताना बजावलं होतं: इंजिन नीट पाहून ये. किती पाणी उपसतं, तेल किती पितं, बिघडलं तर दुरुस्त कोण करतं. मोटेचे बैल म्हातारे झालेत, मला नवी जोडी घ्यायची नाही. आबा गावचे पोलीस पाटील. त्यांचं बोलणं म्हणजे बोलणं.

प्रदर्शनात इंजिनाच्या मांडवात साहेब तासभर हिंदीत सांगत होते. तू माझी बाही ओढलीस.

"चाल."

"कोठे?"

"तठे गर्दी शे. म्हंजे काहीतरी शे."

तुझं सगळं आयुष्य या एका वाक्यावर चाललं, मगन. गर्दी दिसली की तू तिकडे. मीही गेलो.

दोन खोल्या होत्या आणि मध्ये भिंत. एका खोलीत डोळे दिपतील असे दिवे आणि तीन पायांवर उभं केलेलं एक यंत्र. दुसऱ्या खोलीत लाकडी पेटी, तिला समोरून जाड काच. दिव्यांच्या खोलीत तू मला ढकललंस आणि स्वतः पलीकडे पळालास. मी आपला उन्हात आणून बांधलेल्या बैलासारखा डोळे मिचकावत उभा. तेवढ्यात भिंतीपलीकडून तुझी आरोळी आली, "दसरथ! तू पेटीमा शे! तू पेटीमा शे रे!" तिथला माणूस तुला गप्प करत होता आणि तू गप्प होत नव्हतास. सगळा मांडव हसत होता.

मग आपण जागा बदलली. मी पेटीसमोर उभा राहिलो आणि तू आत दिसलास.

तुला रंग नव्हता. राखेसारखा होतास, आणि तापीच्या पाण्यात वाकून बघताना चेहरा हलतो तसा जरा हलत होतास. टोपी वाकडी होती. ती वाकडी आहे हे तुला कुणीतरी सांगितलं असावं, कारण तू ती नीट केलीस आणि ती आणखी वाकडी झाली. तू यंत्राकडे न बघता बाजूला बघत होतास. मी काचेला हात लावला. काच कोमट होती, हातावरचे केस उभे राहिले. माझ्या मागं एक सरदारजी उभे होते, ते म्हणाले, "डरो मत, काटता नहीं है."

आपण परत आलो तोवर फोटो काढून झाला होता आणि बाकीचे पांगले होते. साहेबांनी विचारलं, कुठं होता? मी म्हणालो, गर्दीत चुकलो. माझं पहिलं खोटं ते. तेव्हा ते फार साधं वाटलं.

येताना गाडीत आपण भांडलो. तुझं म्हणणं, रेडिओचा आवाज हवेतून येतो ना, मग तोंडही हवेतून येतं. माझं म्हणणं, आवाज पातळ असतो, तोंड जाड असतं. हसू नकोस. मी खरंच असं म्हणालो होतो. भांडून भांडून शेवटी एक ठरलं, की गावात गेल्यावर दोघांनी मिळून सांगायचं. एकट्यानं सांगितलं तर कुणी खरं मानणार नाही, हे तूच म्हणालास.

आणि चावडीवर तू एकट्यानंच सांगितलंस. तुला धीर कुठला? हातपाय धुवायच्या आधी सुरू झालास. आपल्या ब्राह्मणपुरीतले निम्मे बाप्ये तिथं बसले होते. तू उभा राहून सांगत होतास, हातांनी पेटीचा आकार दाखवत होतास, आणि मी आबांच्या मागं खांबाला टेकून उभा होतो. भिला आप्पा, म्हणजे गावातले सगळ्यात वयस्क माणूस, फार गंभीरपणे म्हणाले, "मगन, मानूस पेटीमा मावस का रे? मंग त्यान्हा पाय कोठे व्हतात?"

तू म्हणालास, "पाय दुसरी खोलीमा व्हतात."

झालं. असा हशा पिकला की बैल दावणीत उठून उभे राहिले. तुझं म्हणणं अक्षरन् अक्षर खरं होतं, आणि त्याच्याइतकं खोटं वाटणारं वाक्य त्या चावडीवर आजवर कुणी बोललेलं नव्हतं. तूही हसलास. कारण तुला ठाऊक होतं, आता दसरथ बोलेल.

आबांनी मान वळवली. "तू बी व्हता का तठे?"

मगन, मी बोलायला तोंड उघडलं होतं. देवाशपथ. पण "होतो" म्हटलं की पुढचा प्रश्न आला असता, मग इंजिन कोणी पाहिलं? आबांनी मला एवढ्या लांब कशासाठी पाठवलं होतं? चारचौघांत त्यांनी माझी बिनपाण्यानं हजामत केली असती. मी पंचवीस वर्षांचा घोडा होतो आणि बापाला भीत होतो. मी म्हणालो, "नही आबा. मी इंजिनजोडे व्हतू."

तू तरीही हसतच होतास. तुला वाटलं मी चेष्टा करतोय, आता कबूल करीन. तू माझ्याकडे बघत वाट पाहिलीस. मग तुझं हसू हळूहळू गेलं. ते जाताना मी पाहिलं. आबांनी विचारलं, तेल किती पितं? मी एक आकडा ठोकून दिला.

त्या दिवसापासून तू पेटीमगन झालास. गावात तीन मगन होते, एक शिंपी, एक लंगडा, आणि एक पेटीमगन. कुणी काही वाढवून सांगायला लागलं की लोक म्हणायचे, ही पेटीतली गोष्ट. पुढं पुढं तर शहाद्याच्या बाजारातही हा शब्द गेला. व्यापारी कापसाला जास्त भाव सांगायला लागला की आपली माणसं म्हणायची, "शेठ, पेटीमानी गोट नका सांगू." बिचाऱ्या शेठला काय कळणार? तुझ्या एका खऱ्या गोष्टीनं खोट्याला नवा शब्द दिला आणि तू तो बाजारात उभा राहून ऐकलास. एकदा मी बरोबर होतो. तू गूळ बघायला लागलास.

मग पंचायतीला सरकारी रेडिओ आला. त्याची मोठी बॅटरी, कौलांवर भोंगा, कुलपाचं कपाट. किल्ली कुणाकडे द्यायची यावर सभा भरली. काम नुसतं खुंटी फिरवण्याचं नव्हतं. रेडिओ शाळेची मराठी बोलायचा, आणि लोक विचारायचे, "काय सांगी ऱ्हायना तो?" ते आपल्या बोलीत सांगणारा माणूस पाहिजे होता. अख्ख्या गावात तुझ्यासारखा सांगणारा कोण होता? तू तहसीलदाराची नक्कल करायचास तेव्हा शिपाईसुद्धा फसायचा. पण सभेत कुणीतरी म्हणालं, "मगन? तो बातमीमा बी पेटी घाली देई." पुन्हा हशा. आणि तू स्वतःच उठून म्हणालास, "दसरथले द्या."

मी किल्ली घेतली. खाई त्याला खवखवे म्हणतात. माझ्या घशात ती खवखव त्या दिवशी बसली ती अजून गेली नाही.

आणि मला ते काम जमेना, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? रेडिओ म्हणायचा, पश्चिम किनाऱ्यावर कमी दाबाचा पट्टा तयार झाला असून. मी सांगायचो, किनाऱ्यावर पट्टा झालाय. लोक एकमेकांकडे बघायचे. मागं लिंबाखाली बसलेला तू खाली मान घालून म्हणायचास, "पानी येई. कडबा झाकी ल्या." आणि माणसं उठून घरी पळायची. वर्षभरात असं झालं की लोक रेडिओकडे तोंड करून बसायचे आणि कान मात्र मागं तुझ्याकडे असायचे. तू कधी म्हणाला नाहीस की किल्ली मला दे.

त्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, तुला काय सुचलं होतं? माहेरी आलेल्या लेकी झाडाला झोके बांधून गात होत्या. तू तुझ्या गोठ्याच्या दाराची जुनी चौकट उखडून आणलीस, लिंबाला टांगलीस, बाजूनं पांढरं धोतर बांधलंस. रेडिओवर गाणं लागलं की चौकटीत एकेका लेकीनं तोंड आणायचं आणि ओठ हलवायचे. मागं आवाज रेडिओचा, पुढं तोंड आपल्या ब्राह्मणपुरीच्या पोरीचं! बाया हसून हसून पोट धरून बसल्या. माझी सख्खी बहीण दोनदा चौकटीत गेली आणि तिसऱ्यांदा जाण्यासाठी भांडली. झोक्यावरच्या गाण्यात त्याच दिवशी नवी ओळ आली, "भाऊ मन्हा पेटीमा बठना." दुसऱ्या वर्षी शेजारच्या गावांतही चौकटी टांगल्या गेल्या, आणि गावोगाव नाच-तमाशा करणाऱ्या सोंगाड्या पार्टीवाल्यांनी तर आपल्या सोंगात ती घालून टाकली. सगळीकडे नाव पेटीचंच. खरी पेटी आपल्या जिल्ह्यात कुणी पाहिलेली नाही, पण तिचं सोंग मात्र गावोगाव.

मी तुला शाबासकी द्यायला आलो, तर तू चौकट खांद्यावर टाकून घरी निघाला होतास. एवढा चिडलेला मी तुला कधी पाहिला नव्हता. म्हणालास, "मी हसाडाले नही करं, दसरथ. त्यास्ले समजाले पाहिजे म्हनीसन करं." दारातून तोंड दिसतं, पाय दिसत नाहीत, एवढं तुला भिला आप्पांना दाखवायचं होतं. भिला आप्पा पुढच्या रांगेत बसले होते. सगळ्यात जास्त तेच हसले.

मग ते वर्तमानपत्र. दिल्लीच्या त्या वारीला चार वर्षं झाली होती. गुरुजींनी पंचायतीच्या ओट्यावर मोठ्यानं वाचलं, की दिल्लीला टेलिव्हिजन सुरू झालं, आवाजाबरोबर चित्र दिसतं. कुणीतरी तुझ्या शेतात निरोप दिला आणि तू केळीचं पाणी मोडून चिखलाच्या पायांनी धावत आलास. तुझं तोंड! वाटलं, आता हा नाचणार. "वाचा गुरुजी, परत वाचा. नीट आयका सगळे!"

गुरुजींनी परत वाचलं. आणि या वेळी त्यातला एक शब्द सगळ्यांनी ऐकला. देशातलं पहिलं.

गुरुजी चांगला माणूस. ते हळूच म्हणाले, "मगनभाऊ, पहिलं आत्ता सुरू झालंय असं छापलंय. तुम्ही चार वर्षांआधी कसं पाहिलं असेल?"

इतके दिवस तुला लोक थापाड्या म्हणायचे ते गमतीनं. त्या दिवशी ते छापून आलं. प्रदर्शनातली पेटी ही एका खोलीतून दुसऱ्या खोलीत दाखवण्यापुरती होती, ती कुठल्या हिशोबात धरत नाहीत, हे त्या बातमीत कशाला असणार? तू काहीतरी सांगायला गेलास. मग माझ्याकडे पाहिलंस. या वेळी हसत नव्हतास. मी रेडिओची खुंटी फिरवत होतो. रेडिओ बंद होता, मगन. बॅटरी शहाद्याला भरायला गेली होती. बंद रेडिओची खुंटी मी फिरवत राहिलो, आणि तू ते पाहिलंस.

एवढं होऊनही तू माझ्याशी बोलणं टाकलं नाहीस. टाकायला हवं होतंस! मला शिव्या घातल्या असत्यास, एकदा कानाखाली वाजवली असतीस, तर मी सुटलो असतो. तू माझ्या उसाच्या तोडणीला आलास, माझ्या लग्नात वाढप केलंस. फक्त दिल्लीचं नाव काढेनास. एकदाच काढलंस, कापसाची गाठोडी गाडीत भरताना. तू एकदम म्हणालास, "ती पेटी आपला गावमा येई तवय आपन तिन्हामा दिसनार नही."

मी म्हणालो, का नाही? एकदा दिसलो ना?

तर म्हणालास, तेव्हा पेटी नवी होती. तिला माणसं मिळत नव्हती, म्हणून जो येईल त्याला ती आत घेत होती. आता ती मोठी होईल, मग ती निवडून माणसं घेईल. दिल्ली-मुंबईची गोरी तोंडं आत, आणि आपण बाहेर बसून बघणार. ते हसतील तेव्हा हसायचं, ते नेसतील तसं नेसायचं. आखाजीच्या गाण्याला कोण येईल? मी म्हणालो, तुझं डोकं फिरलंय, पेटी आली की शेतीचं दाखवतील, आपल्यासारखीच माणसं दाखवतील. तू म्हणालास, पैज. मी म्हणालो, पैज. ती पैज तशीच राहिली आणि तू निघून गेलास. आता मी जिंकलो काय, हरलो काय.

त्या बोलण्यात तू "एकदा दिसलो ना" हे माझं वाक्य ऐकलंस. हातातलं गाठोडं खाली ठेवलंस. पाच-सहा वर्षांत पहिल्यांदा मी ते तुझ्यासमोर कबूल केलं होतं, तेही रानात, जिथं दोन बैलांशिवाय कुणी नव्हतं. तू फक्त एवढंच म्हणालास, "हाव. दिसनूत." आणि गाठोडं उचललंस.

शेवटी तुझ्या खाटेजवळ बसलो होतो. तुझे डोळे हळदीसारखे झाले होते. मी घरून ठरवून आलो होतो. आबांना जाऊन दोन वर्षं झाली, आता भ्यायला कोण उरलंय? मी म्हणालो, "मगन, एक सांगनं व्हतं." तू मान वळवलीस. तेवढ्यात भाभी, तुझी बायको, उसाच्या रसाचा पेला घेऊन आत आली, आणि मी विचारलं, "तुन्ही कपाशी कशी शे औंदा?" तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, बरी आहे. त्यानंतर तू माझ्याशी बोललाच नाहीस. बोलण्याइतकी शुद्धच राहिली नाही.

परवा गंधमुक्तीला सगळं गाव तुझ्या अंगणात होतं. पाटावर फोटो नव्हता, तुझा लग्नातला फेटा ठेवला होता. दोघंतिघं तुझ्याबद्दल चांगलं बोलले. हसरा होता, कामाचा होता, गमत्या होता. कुणीतरी म्हणालं, पेटीची गोष्ट काय रंगवून सांगायचा! माणसं त्या दुःखातही थोडी हसली. मग मी उठलो. मी म्हणालो, ती गोष्ट रंगवलेली नव्हती. मगननं जे सांगितलं ते खरं होतं. मी इंजिनाजवळ नव्हतो. मी त्याच्याबरोबर होतो. त्यानं मला पेटीत पाहिलं आणि मी त्याला पेटीत पाहिलं. आबांच्या भीतीनं मी खोटं बोललो आणि अकरा वर्षं तो खोटा ठरला.

मला वाटलं, आता शिव्या पडतील. पडाव्यात असंच वाटत होतं.

भिला आप्पा काठी टेकत उठले. आता नव्वदीला आलेत. माझ्याजवळ आले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दोस्त पाहिजे त असा. मरेल मानूससाठे बी खोटं बोलना!"

लोक माना हलवायला लागले. कुणी माझ्या पाठीवरून हात फिरवला. कुणी म्हणालं, आता मगनच्या जिवाला शांती मिळेल. मी ओरडलो, अहो खरं आहे, पंचायतीतला फोटो मोजा, त्यात आम्ही दोघं नाही! तर गुरुजींनी मला खांद्याला धरून खाली बसवलं आणि पाणी दिलं. "असू द्या दसरथभाऊ. तुमचं मन आम्हाला कळलं."

तेव्हा मला समजलं, मगन, त्या दिवशी चावडीवर तू कसा उभा होतास ते. तोंडात खरं आहे आणि ते बाहेर पडताच खोटं होतंय. फरक एवढाच, की तुझं खरं खोटं ठरलं तेव्हा तुला हसले, आणि माझं ठरलं तेव्हा मला शाबासकी मिळाली. शाबासकी! मला ढसाढसा रडू आलं आणि लोकांना वाटलं, मैत्रीसाठी रडतोय.

पानं उठल्यावर भाभीनं मला आत बोलावलं. ती दाराच्या आड उभी होती, डोक्यावर पदर, तोंड भिंतीकडे. म्हणाली, "लोके नही मानतस. मी मानस. तो मन्हासंगे कधी खोटं नही बोलना." आणि विचारलं, पेटीत दिसत कसा होता? मी सांगितलं. राखेच्या रंगाचा, टोपी वाकडी. ती हसल्यासारखी झाली. मग विचारलं, "आन काही बोलना का तो तठे?"

मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि इथंही लिहावं की नाही असं झालं होतं. दिव्यांच्या खोलीतला माणूस तुला म्हणाला होता, कुछ बोलिए. तुला काही सुचेना. तू इकडे पाहिलंस, तिकडे पाहिलंस, ओळखीचं कुणी नाही याची खात्री केलीस. आणि मग यंत्राकडे तोंड करून म्हणालास, "कस्तूर, देख. मी आठे शे."

आपल्याकडे बायकोचं नाव कुणी घेत नाही. तुझ्या घरी मी हजारदा आलो असेन, तिला तू "आयकस का?" याच्यापलीकडे दुसरी हाक मारलेली मी ऐकली नाही. गाडीत मी तुला त्यावरून भुसावळपर्यंत छळलं होतं, आणि तू हात जोडले होतेस की गावात बोलू नको.

भाभीला मी ते सांगितलं. ती म्हणाली, परत सांगा. तिचं नाव माझ्या तोंडून घेताना मला कसंतरी झालं, पण मी परत सांगितलं. मग ती उंबऱ्यावर खाली बसली. तिनं तोंडात पदर धरला. बाहेर भांडी घासल्याचे आवाज येत होते.

शेवटी तिनं माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ डोळ्यांत पाहिलं. "भाऊ, तो जिता व्हता तवय का बरं नही सांगं?"

मी उठून आलो. आज तिसरा दिवस आहे, अजून तिला उत्तर दिलेलं नाही. उत्तर मला ठाऊक नाही असं नाही, मगन. ते इतकं लहान आहे की तुझ्या बायकोसमोर तोंडातून काढायची लाज वाटते.